बाबांचा उजवा हात

लिनो कोरायच्या आधी तो उन्हात ठेवायचा, हा लिनो छपाईच्या कार्यशाळेतला पहिला धडा. डिसेंबरची सकाळ होती. धरमपेठेतल्या एका जुन्या घराच्या गच्चीवर आम्ही चौदा जण करड्या रंगाचे तळहाताएवढे तुकडे सतरंजीवर मांडत होतो, उन्हाळ्यात घरोघरी पापड घालतात तसे. नागपूरच्या उन्हाची कीर्ती सगळीकडे आहे. इथल्या थंडीची बाहेरच्यांना कल्पना नसते. पारा दहाच्या आसपास उतरला की लिनो आखडतो. आखडलेल्या लिनोवरून हत्यार घसरते आणि बहुतेक वेळा दुसऱ्या हाताचे बोट गाठते. अर्धा तास ऊन खाल्लेला तुकडा मात्र साबणाच्या वडीसारखा कापला जातो.

त्या चौदांत मी वयाने सगळ्यांत मोठा, एकोणसाठ वर्षांचा. शिकवणारे सर माझ्या मुलाच्या वयाचे. ते मला काका म्हणत, मी त्यांना सर म्हणे. बाकीची बरीचशी मुले चित्रकला शिकणारी होती, एक आर्किटेक्ट होती, दोन गृहिणी होत्या. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. शाळेत असताना एलिमेंटरीची परीक्षा दिली होती, चित्रकलेशी माझा संबंध तेवढाच. तरीही सात दिवसांची ही कार्यशाळा आहे असे कळताच मी त्याच दिवशी जाऊन नाव नोंदवले, कारण लिनो हा शब्द माझ्या घरातला आहे. माझे बाबा नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते.

ज्यांनी खिळ्यांचा छापखाना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. भिंतीला टेकून लाकडी केस उभ्या असत. त्यांत शेकडो कप्पे, प्रत्येक कप्प्यात एका अक्षराचे, जोडाक्षराचे किंवा मात्रेचे शिशाचे खिळे. बाबा डाव्या हातात स्टिक धरत आणि उजव्या हाताने कप्प्यातले खिळे न बघता उचलून तिच्यात जुळवत. ओळी भरल्या की त्या गॅली नावाच्या तबकात जात, मग त्यांचा फर्मा आवळला जाई आणि ट्रेडल या छपाईयंत्रावर चढे. खिळ्यावरचे अक्षर आरशातल्यासारखे उलटे असते. शिवाय स्टिकमध्ये त्याचे डोके खाली असते. जन्मभर तसेच वाचल्यामुळे समोर बसलेल्या माणसापुढे पसरलेले वर्तमानपत्र बाबा आपल्या जागेवरून सहज वाचत.

दिवाळी झाली की भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीच्या मुलखात मंडई, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात आणि गावोगाव रात्रभर नाटके चालतात. वडसा हे आजही त्या नाटकमंडळींचे मोठे ठाणे आहे. त्या नाटकांची हँडबिले बाबांच्या छापखान्यात येत. माथ्यावर दोनच शब्द, लांबून दिसतील एवढे मोठे: ‘आज रात्री’. एवढ्या मोठ्या मापाचा खिळा छापखान्यात नव्हता. म्हणून बाबांनी लिनोच्या तुकड्यावर ती अक्षरे स्वतः कोरली आणि तो तुकडा लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवला. खिळ्याची उंची ठरलेली असते, इंचाच्या हजार भागांतले ९१८ भाग. ठोकळा नेमका तेवढा उंच असेल तरच तो खिळ्यांच्या बरोबरीने छापतो. त्याची उंची जुळवायला बाबा खालून कागदाच्या पट्ट्या डकवत असल्याचे मला आठवते. पुढे ऑफसेट आले, छापखाना बंद झाला, खिळे शिशाच्या भावाने वजनावर गेले. बाबा २००९ साली गेले.

कार्यशाळेत पहिल्या दिवशी सरांनी लिनोचा तुकडा हातात देऊन त्याचा वास घ्यायला सांगितले. मला तो वास ओळखीचा वाटला, पण कशाचा ते सांगता येईना. सर म्हणाले, “काका, हे जवस आहे.”

ते खरे आहे. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस आणि ओलियम म्हणजे तेल. लिनोलियम हा शब्द या दोहोंतून बनला. रंगाच्या उघड्या डब्यात जवसाच्या तेलावर रबरासारखी साय धरते, ती पाहून फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज माणसाला जमिनीवर अंथरायच्या आच्छादनाची कल्पना सुचली. हवेत घट्ट केलेले जवसाचे तेल, राळ, बुचाची भुकटी, लाकडाचा भुसा असे मिश्रण तागाच्या कापडावर थापून त्याने लिनोलियम केले आणि १८६३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. नागपुरात अजब बंगला, म्हणजे आपले मध्यवर्ती संग्रहालय, स्थापन झाले तेही याच वर्षी. माझ्या हातातल्या तुकड्याच्या पाठीला तागाची वीण स्पष्ट दिसत होती. आणि छापायची शाई तरी कशाची? पारंपरिक काळी शाई म्हणजे काजळी आणि शिजवून दाट केलेले जवसाचे तेल. ठसा जवसाचा, शाई जवसाची.

विदर्भातल्या माणसाला जवस म्हटले की आधी चटणी आठवते. आमच्या घरी भाजलेल्या जवसाची चटणी सरली असे होत नाही. पूर्व विदर्भात शेतकरी उभ्या धानात जवस फेकून पेरतात. धान कापून नेले की जमिनीत उरलेल्या ओलीवर ते वाढते आणि थंडीत निळ्या फुलांवर येते. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर काम होत आले आहे. ‘एनएल ९७’ सारखे वाण इथूनच निघाले. पेरा आता पूर्वीपेक्षा फार घटला आहे. बाबांच्या अंगाला येणारा वास आणि आईच्या चटणीचा वास मुळात एकाच दाण्याचा, हे मला एकोणसाठाव्या वर्षी कळले.

आता कोरण्याविषयी. लिनो छपाईचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते: जे कोरून काढाल ते पांढरे राहते, जे ठेवाल ते काळे छापते. ऐकायला सोपे आहे. पण हातात पेन्सिल असली की आपण पांढऱ्यावर काळे करत जातो, ही लहानपणापासूनची सवय. इथे समोर सगळे काळेच आहे आणि त्यातून उजेड उकरून काढायचा आहे. माझ्या शेजारी बसलेल्या चित्रकलेच्या विद्यार्थिनीचा हात माझ्यापेक्षा दहापट तयार होता, तरी तिलाही पहिले दोन दिवस हेच जड गेले. सरांनी एक उपाय सांगितला. लिनोवर आधी पातळ लाल रंग पुसून घ्यायचा. मग कोरलेला भाग करडा दिसतो, ठेवलेला लाल, आणि छाप कसा येईल याचा अंदाज डोळ्यांना लागतो.

हत्यारे मोजकी: व्हीच्या आकाराचे टोक रेघेसाठी, यूच्या आकाराची लहानमोठी टोके मोकळी जागा काढण्यासाठी. आधी व्हीने कडेकडेने रेघ घ्यायची, मग यूने आतले साफ करायचे. रेघेच्या दोन्ही भिंती बाहेरच्या बाजूला उतरत्या हव्यात. हत्यार आत तिरपे घातले तर रेघ बुडाशी पोकळ होते आणि दहाव्या छपाईला ढासळते. हत्यार नेहमी अंगापासून दूर ढकलायचे, आणि दुसरा हात कायम त्याच्या मागे. वळणदार रेघ काढताना मनगट वळवण्यापेक्षा लिनोच फिरवायचा, हे मला सगळ्यांत उपयोगी पडले. कोरताना खाली पडणारे काप बारीक शेवेसारखे दिसतात.

मी काय कोरणार हे मला पहिल्यापासून ठाऊक होते. केससमोर उभे असलेले बाबा, हातात स्टिक, मागे ट्रेडलचे मोठे चाक, वर कोपऱ्यात ‘महाल’ ही अक्षरे. छाप आरशासारखा उलटा येतो हे कंपोझिटरच्या मुलाला सांगावे लागत नाही. अक्षरे मी नीट उलटी केली, आरशात धरून तपासली, शिरोरेषा न तुटेल अशी राखली. अडीच दिवस त्या तुकड्यावर गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी पहिला छाप काढला. कागदाचा कोपरा धरून हळूच उचलला. ‘महाल’ सुलटे आले होते. चाक सुंदर आले होते. आणि बाबांच्या उजव्या हातात स्टिक होती. डाव्या हाताने ते खिळे उचलत होते.

अक्षरे उलटी केली आणि माणूस तसाच सुलटा कोरला. बाबा डावरे झाले.

सर जवळ आले, बराच वेळ छापाकडे बघत राहिले. म्हणाले, “काका, पाहणाऱ्याले नाही कळणार.” त्यांचे बरोबरच होते, खिळे जुळवणारी माणसे आता किती उरली? पण तो उजवा हात मला पाठ होता. बोटांच्या टोकांना शिशाची काळी झाक, अंगठ्याजवळ घट्टा. त्याच हाताने त्यांनी माझ्या पाटीवर पहिले अक्षर काढून दिले होते. तो हात चुकीच्या बाजूला ठेवून मी घरी जाऊ शकत नव्हतो. मी नवा तुकडा मागून घेतला.

त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून सरांनी दिलेले चित्रांचे पुस्तक उघडून बसलो. त्यात चित्रकार नंदलाल बोस यांचा १९३० सालचा गांधीजींचा लिनोकट होता. तो आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेला आहे: काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांत हातात काठी घेऊन चाललेले गांधीजी, दांडीयात्रेच्या दिवसांतले. आतापर्यंत मी ते चित्र म्हणून बघत होतो. त्या रात्री प्रथमच हत्यार कुठून शिरले आणि कुठे थांबले हे दिसू लागले. धोतराची घडी म्हणजे चार-पाच फटकारे, पायाची पोटरी म्हणजे एक बाक, बाकी सगळा न कोरलेला काळोख. एवढ्या कमी रेघांत चालीचा वेग आला आहे. हे नंदलालबाबू पुढे १९३६ मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून आपल्या खानदेशात फैजपूरला आले होते आणि तिथल्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट त्यांनी गावातल्याच साहित्यातून, बांबूतून उभी केली होती. त्याच वर्षी गांधीजी वर्ध्याजवळ शेगावला राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम झाले. नागपूरहून दीड-दोन तासांची वाट. लिनोकटमधली ती माणसे मला एकदम आसपासची वाटू लागली.

त्याच पुस्तकातले दुसरे नाव चित्तप्रसाद यांचे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात गावोगाव फिरून त्यांनी भुकेल्या माणसांची रेखाटने केली. ‘हंग्री बेंगॉल’ या त्यांच्या पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून जाळल्या. पुढे ते मुंबईला आले आणि अंधेरीत राहून लिनो कोरत राहिले. बूटपॉलिश करणारी, ओझी वाहणारी, रस्त्यावर निजणारी मुले त्यांच्या लिनोकटमध्ये आहेत. तैलरंगाचा कॅनव्हास त्यांनी का घेतला नसेल? मला वाटते, एका कॅनव्हासचे एकच चित्र होते आणि ते एका भिंतीवर जाते. लिनोचे पन्नास छाप होतात, पन्नासही अस्सल असतात, आणि ते मजुराच्या खोलीतही लागू शकतात. बाबांची हँडबिले ज्या हातांत जायची त्याच हातांसाठी ही कला आहे. युरोपातल्या बऱ्याच चित्रकारांनी लिनोला पोरासोरांचे साधन म्हणून नाके मुरडली. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक मुलांना लिनो शिकवत, म्हणून तो शाळेपुरताच, असा समज पसरला. मग १९५० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण फ्रान्समध्ये पिकासोने एकाच तुकड्यावर थोडे कोरायचे, छापायचे, पुन्हा कोरायचे, दुसरा रंग छापायचा अशी रंगीत चित्रे केली. या पद्धतीत शेवटचा रंग छापला जातो तेव्हा मूळ ठसा जवळजवळ संपलेला असतो. ती चित्रे उत्तम आहेत. माझा जीव मात्र चित्तप्रसादांच्या मुलांवर जडला.

पाचव्या दिवशी मी सगळे नव्याने केले. या वेळी चित्र ट्रेसिंग कागदावर काढले, कागद पालथा केला आणि खाली कार्बन ठेवून रेघा लिनोवर उतरवल्या. बाबा, चाक, अक्षरे, सगळेच एकत्र उलटले. कोरताना घाई केली नाही. पहिल्या तुकड्यावर मी मागची भिंत पूर्ण साफ केली होती. या वेळी तिथे हत्याराचे काही उंचवटे मुद्दाम राहू दिले. ते छापात तुटक रेघा होऊन येतात. छापखान्यात दुपारी खिडकीतून ऊन यायचे आणि त्यात कागदाची धूळ तरंगायची, ती मला त्या रेघांत मिळाली.

छपाई मला कोरण्याहूनही आवडली. काचेवर शाईचा ओघळ घ्यायचा, रबरी रोलर उभा-आडवा फिरवायचा. शाई जास्त असेल तर रोलरखाली पचपच होते. बरोबर जमली की तव्यावरून पातळ धिरडे सुटावे तसा बारीक चरचर आवाज येतो. हा आवाज ओळखायला शिकणे म्हणजे अर्धी छपाई शिकणे. शाई जास्त झाली की बारीक रेघा बुजतात. कमी झाली की काळा भाग मीठ फेकल्यासारखा पांढुरका येतो. मग शाई लावलेल्या ठशावर हातकागद ठेवायचा. कार्यशाळेत मोठ्या चाकाचे जुने प्रेस होते, पण सरांनी आम्हाला आधी हाताने छापायला लावले. त्यासाठी लागते काय? स्टीलच्या पळीची पाठ. मधून कडेकडे गोल गोल घासत जायचे, कागद हलू द्यायचा नाही, एक कोपरा उचलून डोकवायचे, फिके असेल तर तिथे परत घासायचे. हात धुवायला रॉकेल नको. आधी चमचाभर गोडेतेल चोळायचे, मग साबण.

सहाव्या दिवशी दुपारी कागद उचलला तेव्हा स्टिक डाव्या हातात होती आणि उजवा हात केसमध्ये गेलेला होता. मी कोणाशी बोललो नाही. सरांनी लांबूनच पाहिले आणि मान हलवली.

एकूण बारा छाप काढले. खाली डावीकडे पेन्सिलने १/१२, २/१२ असा आकडा आणि उजवीकडे सही, ही जगभरची रीत आहे. आकड्यावरून हे चित्र किती जणांकडे आहे हे घेणाऱ्याला कळते आणि त्याहून जास्त छापणार नाही असा कोरणाऱ्याचा शब्द त्यात असतो. जुळवाजुळव करताना काढलेले छाप या मोजणीत येत नाहीत. डावऱ्या बाबांचा छापही मी ठेवला आहे, पण त्याच्यावर आकडा नाही.

घरी आल्यावर पहिला छाप आईपुढे धरला. तिचे वय ब्याऐंशी. चष्मा लावून तिने तो बराच वेळ पाहिला, बोट स्टिकवरून फिरवत उजव्या हातापर्यंत आली. मग म्हणाली, “फडताळाच्या पायाखाली बघ.” मला कळेना. ती पुन्हा म्हणाली, “मागच्या पायाखाली. त्यांनीच ठेवला होता तो, फडताळ डुगडुगे म्हणून.”

स्वयंपाकघरातले ते फडताळ मी आणि मुलाने उचलले. पायाखालून कागदाच्या पट्ट्या डकवलेला एक ठोकळा निघाला. एका कोपऱ्यात लाकूड ओल लागून फुगलेले, लिनोला दोन चिरा, आणि धुळीखाली उलटी अक्षरे. मी ती वाचली. ओला फडका फिरवला, वाळू दिला, कार्यशाळेतून आणलेली शाई लावली, आणि पळीच्या पाठीने घासून वहीच्या कागदावर छाप घेतला. ‘ज’च्या पोटातली रेघ बुजलेली होती, ‘त्री’वर चीर आली होती. बाकी ‘आज रात्री’ स्वच्छ वाचता येत होते, छापखाना बंद झाल्यानंतर पहिल्यांदा.

खिळ्यांचे छापखाने गावोगाव बंद झाले तेव्हा असे ठोकळे कुठे कुठे गेले असतील. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या दुकानातल्या फळीमागे, कोणाच्या फडताळाखाली. घरात कोणी छापखान्यात काम केलेले असेल तर एकदा शोधा. सापडला तर भंगारात देऊ नका. धूळ पुसा, पातळ शाई लावा, आणि एक कागद छापून बघा.